मुकी रेघ

काल फोनवर तू म्हणालीस, "आत्या, शाळेत मोठा टीव्ही आलाय आणि तो नव्या बाई म्हणून माझ्याच गळ्यात पडलाय." वर पुढच्या महिन्यात तालुक्याच्या प्रशिक्षणात गणिताचा माईंड मॅपही तुलाच करून दाखवायचाय. नोकरीच्या पहिल्या वर्षी असं काहीतरी गळ्यात पडतंच. माझ्या पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाचा पडदा पडला होता, अक्षरशः, बांबूसकट.

निवृत्तीआधीची सहा-सात वर्षं मी हा उद्योग केला. आधी चुकत, मग जरा कमी चुकत. क्रमाने सांगायची सवय मला टाचण लिहितानाही नव्हती, तेव्हा आठवेल तसं सांगते.

पहिलं म्हणजे संगणक उघडू नकोस. लग्नपत्रिका जमव. जाड असतात, मागची बाजू कोरी असते आणि मे महिना संपला की गावात ढिगाने मिळतात. त्यांचे हाताच्या पंजाएवढे तुकडे काप. नववीचा 'चौकोन' हा धडा घे. एकेका तुकड्यावर एकेक नाव: समांतरभुज चौकोन, आयत, समभुज चौकोन, चौरस, समलंब, पतंग. बाकं मागे सरकव, मुलांना जमिनीवर बसव आणि खडू दे. चिठ्ठ्या मांडायच्या, खडूने रेघा ओढायच्या, आणि प्रत्येक रेघेवर काहीतरी लिहायचं. नियम एवढाच. फरशीवरचं पुसता येतं म्हणून मुलं लिहायला घाबरत नाहीत. वहीत घाबरतात.

माझ्या वर्गात काय झालं ते ऐक. एका मुलाने 'चौरस' उचलून आयताखाली ठेवला. म्हणाला, चारही कोन काटकोन आहेत, म्हणजे आयतच. समोरच्या मुलीने तो उचलून समभुज चौकोनाखाली नेला. तिचं म्हणणं, चारही बाजू सारख्या आहेत. ओढाओढीत चिठ्ठी मधोमध फाटली. एक तुकडा याच्या हातात, एक तिच्या. वर्ग हसला. मी ते तुकडे तसेच मध्ये ठेवायला लावले आणि दोघांना आपापली रेघ काढायला सांगितली. मुलाने आयताकडून आलेल्या रेघेवर लिहिलं, 'लगतच्या बाजू सारख्या केल्या तर'. मुलीने दुसरीवर लिहिलं, 'एक कोन काटकोन केला तर'. 'चौरस' हा शब्द त्यांना चौथीपासून येत होता. गणित काय ते या दोन वाक्यांत होतं, आणि ती दोन्ही रेघांवर होती.

हे झाल्यावर संगणकाकडे जा. आता तुला कळेल की तिथे काय अडतं. बहुतेक माईंड मॅपची साधनं आपल्या कुलवृत्तांतातल्या वंशावळीसारखी असतात. वर एक मूळ पुरुष, खाली फांद्या, फांदीला पोटफांद्या. वंशावळीत एका मुलाला दोन बाप चालत नाहीत. गणितात चालतात. चौरस आयताच्याही घरचा आणि समभुज चौकोनाच्याही. झाडासारख्या साधनात तो एकाच घरी बसवावा लागतो, किंवा दोन्हीकडे वेगवेगळा लिहावा लागतो, म्हणजे मग मुलांना वाटतं चौरस दोन आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं होतं त्याचं. म्हणून साधन निवडताना रंग, चित्रं, टेम्पलेटं काही बघू नकोस. एकच बघ: एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर आडवी रेघ टाकता येते का, आणि त्या रेघेवर शब्द लिहिता येतो का. फ्रीप्लेनमध्ये तसा जोडबाण आहे, त्यावर शब्दही बसतो. कॉगलमध्ये फांदीचं टोक दुसऱ्या फांदीला नेऊन जोडता येतं. जिथे जमत नाही ते साधन इतिहासाच्या सरांना दे, त्यांच्या राजघराण्यांना चालेल.

प्रशिक्षणात तुला कुणीतरी टोनी बुझान ऐकवेल. माणूस हुशार होता. १९७४ साली बीबीसीवर त्याची 'यूज युअर हेड' ही मालिका झाली आणि माईंड मॅप हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. मधोमध चित्र, वळणदार रंगीत फांद्या, एका फांदीवर एकच शब्द हे त्याचे नियम. भाषणाची टिपणं काढायला उत्तम. पण त्याच सुमारास, १९७२ मध्ये, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांना विज्ञानातलं काय कळतं आणि वर्षागणिक ते कसं बदलतं याचा माग काढत होते. मुलाखतींची भेंडोळी झाली, अर्थ लागेना. तेव्हा त्यांनी मुलाच्या डोक्यातल्या संकल्पना चौकटीत आणि त्यांच्यातला संबंध रेघेवर शब्दांत लिहायला सुरुवात केली. तो संकल्पना नकाशा. दोन्ही चुली वेगळ्या आहेत. प्रशिक्षणात सगळ्याला माईंड मॅपच म्हणतील, म्हणू देत, वाद घालू नकोस. गणिताच्या तासाला मात्र नोव्हाकच्या चुलीवर शिजव.

एका शब्दाचा नियम आपल्या भाषेत तर फारच गोत्यात आणतो. एका गटाने मधोमध 'समीकरण' लिहून फांदी काढली 'वर्ग', आणि तिच्या पोटी एका बहाद्दराने लिहिलं 'नववी ब'. थट्टेने लिहिलं, पण मला त्यातून कळलं. 'वर्ग' म्हणजे इयत्ता, वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येनं गुणणं. 'मूळ' म्हणजे वर्गमूळ की समीकरणाचं मूळ? 'पद' श्रेढीतलं की बहुपदीतलं? म्हणून चौकटीत पूर्ण नाव लिहायला लाव आणि रेघेवर क्रियापद. मग नकाशा मोठ्याने वाचून घे. चौकट, रेघ, चौकट असं वाचलं की वाक्य झालं पाहिजे. 'विवेचक – शून्य आला तर – दोन्ही मुळं समान' हे वाक्य झालं. 'विवेचक – मुळं' हे झालं नाही, ती रेघ मुकी आहे. माझी मुलं एकमेकांचे नकाशे तपासताना असंच ओरडायची, "बाई, याची रेघ मुकी आहे!"

यासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलं ते सीमॅपटूल्स. नोव्हाक पुढे फ्लोरिडातल्या ज्या संशोधन संस्थेत गेले तिथेच ते तयार झालं, फुकट मिळतं आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. तुझ्या घाटमाथ्याला पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. त्याची एक गंमत आहे. एका चौकटीतून बाण ओढून दुसरीकडे नेलास की बाणाच्या मधोमध ते आपणहून चार प्रश्नचिन्हं टाकतं. तू तिथे शब्द लिहीपर्यंत ती चार प्रश्नचिन्हं तशीच डोळ्यांत खुपत राहतात. माझ्या तीस वर्षांच्या ओरडण्याने जे झालं नसतं ते त्या प्रश्नचिन्हांनी केलं. ऑनलाइन साधन वापरलंस तरी ही सवय उचल: रेघ काढली आणि शब्द सुचला नाही, तर मोकळी सोडायची नाही, प्रश्नचिन्हं टाकायची.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. नकाशाचा खरा उपयोग धड्याचा सारांश काढायला नाही, तर भूमितीची सिद्धता शोधायला आहे. मुलं सिद्धता पाठ करतात, कारण ती पुस्तकात वरून खाली लिहिलेली असते आणि शोधणारा माणूस खालून वर गेलेला असतो. ते त्यांना कधी दिसतच नाही. तेव्हा साध्य घे आणि ते नकाशाच्या उजव्या टोकाला लिही. पक्ष डाव्या टोकाला. मधली सगळी जागा रिकामी.

उदाहरणार्थ, आयत कखगघ. साध्य, कर्ण कग आणि कर्ण खघ एकरूप आहेत. उजवीकडे ते लिहून विचार, "हे म्हणायला आधी काय हाती लागलं पाहिजे?" कुणीतरी म्हणेलच, दोन त्रिकोण एकरूप. कुठले? इथे थांब. अजिबात सांगू नकोस. कर्ण ज्यांच्या बाजू आहेत असे त्रिकोण शोधायचे, हे त्यांनाच सापडू दे. त्रिकोण कखग आणि त्रिकोण खकघ. साध्याकडे येणाऱ्या बाणावर शब्द येतो, 'संगत बाजू म्हणून'. मग आणखी मागे: एकरूप कशावरून? वर्गातून आवाज येतो, "बाकोबा!" दुसरा ओरडतो, "बाबाबा!" बाबाबा म्हणणाऱ्याला विचार, तिसरी बाजू कुठली रे? ती तर कर्ण. जे सिद्ध करायचंय तेच तू धरून चाललास. नकाशावर त्याचा बाण गोल फिरून साध्यातूनच निघालेला दिसतो, आणि तो स्वतःच हसतो. वर्तुळात फिरणारा पुरावा फळ्यावर समजावायला मला अर्धा तास लागायचा. इथे बाण दिसतो. मग बाकोबाच्या तीन फांद्या होतात: संमुख बाजू खग आणि कघ एकरूप, कोन ख आणि कोन क काटकोन, कख दोघांत सामाईक. तिन्ही पक्षापर्यंत पोचल्या की नकाशा पूर्ण. आता तो डावीकडून उजवीकडे वहीत उतरवायला सांग. सिद्धता झाली, आणि पाठ करावी लागली नाही.

पडद्यावर हे करताना फांद्या मिटवून ठेवायची सोय बहुतेक साधनांत असते, ती वापर. सगळा नकाशा एकदम उघडा टाकलास तर मुलं बघतात आणि उतरवून घेतात, संपलं. एक फांदी उघडायची, थांबायचं, विचारायचं, मग पुढची.

दुसरी गोष्ट, पुस्तक मिटवून नकाशा. पर्ड्यू विद्यापीठातल्या कार्पिके आणि ब्लंट या दोघांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. काही विद्यार्थ्यांनी मजकूर समोर ठेवून संकल्पना नकाशे काढले, काहींनी मजकूर बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून लिहिणारे पुढे होते, अगदी नकाशाच काढून दाखवायच्या परीक्षेतसुद्धा. मजकूर विज्ञानाचा होता, गणिताचा नव्हता, पण मला ते वाचून माझ्याच वर्गातल्या रंगीत तक्त्यांची लाज वाटली. किती तरी तास आम्ही पुस्तकातून तक्त्यावर आणि तक्त्यावरून भिंतीवर माल वाहिला होता. तेव्हापासून माझ्या तासाला नकाशा म्हणजे दप्तरं बंद. आधी दहा मिनिटं आठवून काढायचा, मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनाने दुरुस्त करायचा. तो दुसरा रंग किती आहे एवढंच मी बघायचे. गुण द्यायचे नाहीत. गुण दिलेस की मुली फुलं काढायला लागतात आणि मुलगे त्यांच्याकडून काढून घेतात.

रंगावरून आठवलं. व्याख्या हिरवी, प्रमेय लाल असं मी ठरवून दिलं होतं. एक मुलगा सतत गोंधळ करायचा, मी त्याला वेंधळा ठरवून मोकळी झाले. वर्षाच्या शेवटी कळलं, त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नव्हते. त्यानंतर व्याख्येला चौकोनी चौकट, प्रमेयाला गोल. रंग हवा तर वरून.

कामाच्या बारीकसारीक गोष्टी. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत टंकलेल्या असतील, त्यातला मजकूर ऑनलाइन साधनात चिकटवलास की भुताटकी अक्षरं येतात. आधी युनिकोडमध्ये कर. गणिताची चिन्हं दर वेळी शोधत बसू नकोस. √, ², ³, ∠, ∥, ⊥ ही एकदाच एका टिपणात लिहून ठेव आणि तिथून उचल. अपूर्णांक आणि मोठी सूत्रं हवी असतील तर कॉगल आणि फ्रीप्लेन दोघांना लेटेकची लिपी कळते. आठवडाभरात हात बसतो, पण मुलांवर लादू नकोस. शेवटच्या बाकावर जाऊन टीव्हीकडे बघ. वाचता येत नसेल तर चौकटी जास्त झाल्यात. एका वेळी आठ-नऊच्या पुढे जाऊ नकोस.

फुकट खात्यावर नकाशांची मर्यादा असते. मी वापरायचे तेव्हा माईंडमिस्टर तीनच देत होतं. म्हणून झालेला नकाशा पीडीएफ करून उतरवून घ्यायची सवय लाव, आणि खातं शाळेच्या मेलवर, तुझ्या नव्हे. बदली झाली तर सगळं तुझ्याबरोबर जाऊ नये. मुलांना खाती उघडायला लावू नकोस. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने अठराच्या आतलं प्रत्येक पोर मूलच, आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. एक खातं, एक पडदा, आणि बाईंच्या हातात माऊस नाही, मुलांच्या हातात. एवढं पुरतं.

आणि बदल करता येणारी लिंक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नकोस. मी टाकली होती. शनिवारी संध्याकाळी दहावीचा 'वर्गसमीकरणे' चांगला भरलेला होता, सोमवारी सकाळी मधोमध एका सरांचं टोपणनाव आणि भोवती बदामाची चित्रं. मागची आवृत्ती परत आणता येते हे मला माहीत नव्हतं, म्हणून दोन दिवस रडकुंडीला आले. मग एका नववीतल्या मुलीने इतिहासाचं बटण दाखवून अर्ध्या मिनिटात सगळं जागेवर आणलं. टोपणनाव कुणी लिहिलं ते मी शोधलं नाही. अक्षर टंकलेलं असलं तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवरून मला कळलं होतं.

नकाशा कुठे काढू नये, तेही सांगायला हवं, नाहीतर तू हौसेने सगळीकडे काढशील. संख्यांचे प्रकार झाडावर टांगू नकोस. नैसर्गिक, पूर्ण, पूर्णांक, परिमेय ही एकाच्या पोटात एक बसलेली डबेवजा भांडी आहेत. तिथे वेन आकृतीच हवी. झाडावर टांगलं की मुलांना वाटतं पाच ही संख्या नैसर्गिक असेल तर परिमेय नसणार. हो, आणि परिमेयच्या डब्यात २२/७ टाकायला विसरू नकोस. दरवर्षी निम्मा वर्ग ती 'पाय'ची किंमत म्हणून अपरिमेयात टाकतो. गणितं सोडवायचा सराव करायलाही नकाशा नको. निरसन पद्धत हाताने वीस वेळा केल्याशिवाय बसत नाही, तिची फांदी किती का सुंदर असेना.

नेटवर तयार नकाशे भरपूर आहेत, आणि आता तर विषय टाकला की बटणासरशी अख्खा नकाशा उभा करणारी साधनं आलीत. वर्गात दाखवायला घेऊ नकोस, तपासायला घे. "यातल्या चुका शोधा" म्हणून पडद्यावर टाक, मुलं तुटून पडतात. चौकोनाचे परदेशी नकाशे तर खास बघ. आपल्या पुस्तकात समलंब चौकोनाला समांतर बाजूंची एकच जोडी. तिकडच्या कितीतरी पुस्तकांत किमान एक जोडी, म्हणून त्यांचा समांतरभुज चौकोन समलंबाच्या पोटी बसतो. शिवाय अमेरिकेत ट्रॅपेझॉइड म्हणजे आपला समलंब, आणि ट्रॅपेझियम म्हणजे एकही बाजू समांतर नसलेला चौकोन. इंग्लंडात ट्रॅपेझियमच आपला समलंब. इंग्रजी माध्यमातून आलेलं एखादं पोर नेमकं हेच विचारतं आणि बाईंची भंबेरी उडते. व्याख्या बदलली की रेघ बदलते, हे त्याच्याकडूनच नकाशावर काढून घे.

एक नकाशा मी जपून ठेवलाय, तो तुला पाठवते. शेवटच्या वर्षीच्या दहावीचा, वर्षभर वाढवत नेलेला. बीजगणित डावीकडे, भूमिती उजवीकडे, मध्ये जवळपास काहीच नाही. डिसेंबरात निर्देशक भूमिती चालू असताना खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीने मधली सुट्टी झाल्यावर विचारून माऊस घेतला आणि डावीकडच्या अंकगणिती श्रेढीतल्या 'डी'पासून, म्हणजे सामान्य फरकापासून, थेट उजवीकडच्या 'रेषेचा चढ' इथपर्यंत एक लांबलचक बाण ओढला. मध्ये चार प्रश्नचिन्हं आली. "का गं?" म्हटलं तर म्हणाली, "माहीत नाही बाई, सारखंच वाटतंय." मी काही बोलले नाही. ती प्रश्नचिन्हं पडद्यावर नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी तिने आलेख कागद आणला. ३, ७, ११, १५ ही श्रेढी घेतली होती; पहिलं पद एकावर, दुसरं दोनवर, असे बिंदू मांडले होते आणि त्यांच्यातून पट्टीने रेघ काढली होती. रेघेचा चढ चार. श्रेढीचा 'डी' चार. मग तिने संगणकाशी जाऊन प्रश्नचिन्हं खोडली आणि तिथे लिहिलं, 'हेच ते'.

व्याकरण म्हणशील तर ते वाक्य नाही. मी दुरुस्त केलं नाही. पीडीएफ मोठी आहे, वायफायवर उतरव, आणि टीव्हीवर लावशील तेव्हा मधला भाग मोठा करून बघ, नाहीतर ती अक्षरं दिसायची नाहीत.